पप्पांचं सायगाव

सायगावजवळच्या युद्धकाळातल्या बोगद्यांची गोष्ट हर्बर्टने तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा जॅनेटच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

मार्चमधला रविवार होता. चर्चमधली दहाची मिस्सा आटोपून पॅरिशमधलं एक जोडपं मेलबर्नमधल्या डँडेनॉन्गला, जॅनेटच्या घरी, जेवायला आलं होतं. बांगड्याचं कालवण संपत आलं, तसा विषय तिच्या पप्पांच्या, हर्बर्टच्या, सहलीवर गेला. फेब्रुवारीच्या शेवटी आठ दिवस पप्पा आणि त्यांचा जुना मित्र वेस्ली व्हिएतनाममध्ये सायगावला जाऊन आले होते. दोघेही वसईचे, दोघांनीही मुंबईच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं शेजारी बसून नकाशे काढले होते. आता एक मेलबर्नला मुलीकडे, दुसरा सिडनीला हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये एकटा. दोघांच्या बायका गेलेल्या. शहात्तराव्या वर्षी दोघांनी मिळून काहीतरी बघायचं ठरवलं, आणि तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून सायगाव.

"आधी कमरेत वाकलो," हर्बर्ट सांगत होता, "मग गुडघ्यांवर आलो, मग सरपटायचीच पाळी. मी वेस्लीला म्हटलं, अरे, आपल्या किल्ल्यातलं भुयार याच्यापुढे हायवे आहे."

पाहुणे हसले. जॅनेटही हसली, पण तिचा घास हातातच राहिला. आदल्या रविवारी हेच वाक्य, याच जागी, याच सुरात तिने ऐकलं होतं. विमानतळावरून घरी येताना गाडीत ऐकलं होतं तेही हेच. आणि गुडघ्यांवर? दोन वर्षांपासून मिस्सेत सगळी मंडळी गुडघे टेकायची तेव्हा पप्पा बाकावर बसून राहायचे. फादरनीच त्यांना तशी मोकळीक दिली होती.

जॅनेट सतरा वर्षं एका विमा कंपनीत क्लेम्स तपासायचं काम करत होती. दिवसभर लोकांच्या गोष्टी ऐकायच्या आणि त्यात पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं. या कामाने तिला एक गोष्ट शिकवली होती. खरं सांगणारा अडखळतो, मागे जातो, 'नाही नाही, ते आधी झालं' म्हणतो. खोटं सांगणारा सरळ चालतो, कारण रस्ता त्याने स्वतःच आखलेला असतो. हे शिक्षण घरात आणायचं नाही, असं ती स्वतःला बजावायची. पण हाताला लागलेली सवय घरी येताना दाराबाहेर थोडीच काढून ठेवता येते.

दुपारी पप्पा झोपल्यावर तिने त्यांचे फोटो पुन्हा उघडले. पप्पांनी ते सगळ्यांना पाठवले होते, दोनशे बारा. पहिल्या दिवशीचा एक सेल्फी होता. एका मोठ्या गुलाबी चर्चसमोर दोघे म्हातारे, उन्हाने डोळे बारीक केलेले. त्यानंतर दोघांपैकी कोणीच कुठल्याही फोटोत नव्हतं. बाजार होता, राजवाडा होता, पोस्टाच्या जुन्या इमारतीची उंच कमान होती, नदीतल्या होड्या आणि बोगद्याचं झाकणाएवढं तोंड होतं. माणसं होती, पण दुसरी. शिवाय फोटो वाकडे. ज्या माणसाने जन्मभर टी-स्क्वेअर लावून रेघ ओढली, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर जेवणावरून उठून सरळ केलं, त्याच्या फोटोत पोस्टाचा खांब कलंडलेला होता.

त्या पोस्टाच्या फोटोतच तिला ती दिसली. आत टेलिफोनच्या लाकडी खोल्या होत्या, त्यांच्या दाराला काचा. एका काचेत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडलं होतं. गुलाबी जॅकेट, हेल्मेट काखेत, चाळिशीतली एक बाई. तिच्या हातात निळ्या कव्हरचा फोन. ते कव्हर जॅनेटने स्वतः पप्पांना ख्रिसमसला दिलं होतं.

नवऱ्याला, नीलला, तिने फोटो दाखवला. तो म्हणाला, "असेल कोणीतरी. पप्पांनी दिला असेल फोन फोटो काढायला. सोड ना."

"मग पप्पा कुठे आहेत फोटोत?"

नीलने खांदे उडवले आणि लॉन कापायला गेला.

जॅनेटने सोडलं नाही. एकट्या म्हाताऱ्यांना गाठून गोड बोलणाऱ्या बाया, मग लग्नाच्या गोष्टी, मग व्हिसाचे कागद. असल्या फायली तिच्या टेबलावरून दर महिन्याला जात. रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखा खडा टाकला. पोस्टातल्या काचेत एक बाई दिसतेय, ती कोण?

हर्बर्टने उत्तर देण्याआधी ग्लास उचलला, पाणी प्याला, ग्लास खाली ठेवला. "हान्ह नाव तिचं," तो म्हणाला. "आमच्या गेस्टहाउसची मालकीण. त्या दिवशी आमच्याबरोबर आली होती." मग त्याने मिठाची बरणी मागितली. बरणी त्याच्या कोपराशीच होती.

मंगळवारी एमाला बास्केटबॉलहून घरी आणताना तिने पुढचा प्रश्न विचारला. आजोबा तिकडे असताना तुझ्याशी कधी बोलले? एमा सोळा वर्षांची. मराठी सगळं समजायची, पण बोलायची इंग्रजीतच. आजोबांचा तिच्यावर जीव होता, आणि तिच्याकडे सगळे कॉल फोनमध्ये नोंदलेले होते.

"ऑलमोस्ट एव्हरी डे, आफ्टर स्कूल. फ्रॉम वेस्ली अंकल्स फोन."

वेस्लीच्या फोनवरून का?

"डोन्ट नो. ही वॉज ऑलवेज इन द रूम, मम. ग्रीन कर्टन्स. वेस्ली अंकल वॉज ऑन द बेड."

जॅनेटने गाडी बाजूला घेतली आणि एमाचा फोन मागितला. गुरुवारचा कॉल पावणेचारचा होता, म्हणजे तिकडे पावणेबारा. बोगद्याच्या फोटोंवरची वेळही त्याच गुरुवारची, साडेअकरा ते बारा. बोगदे शहरापासून दीड-दोन तासांवर. माणूस एकाच वेळी भुयारात सरपटत आणि हिरव्या पडद्याच्या खोलीत नातीशी गप्पा मारत असू शकत नाही. आता शंका उरली नव्हती, फक्त खोटं कशासाठी एवढंच शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लंचच्या सुट्टीत तिने वेस्लीला फोन लावला. वेस्ली अंकल तिला लहानपणापासून ओळखायचे, तिच्या पहिल्या कम्युनियनला त्यांनीच केक आणला होता. तिने ख्यालीखुशाली विचारली आणि म्हणाली, अंकल, पप्पा बोगद्यांचं फार रंगवून सांगतात, तुम्ही सांगा ना जरा.  पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. मग वेस्ली एका दमात बोलायला लागला.

"आधी कमरेत वाकलो, मग गुडघ्यांवर आलो, मग सरपटायचीच पाळी. मी वेस्लीला म्हटलं, अरे, आपल्या किल्ल्यातलं भुयार याच्यापुढे हायवे आहे."

जॅनेटने विचारलं, "कोणाला म्हटलं, अंकल?"

"वेस्लीला," वेस्ली म्हणाला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "कोण बोलतंय?"

तिने नाव सांगितलं, काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हाही तिला वाटलं ते हेच, की दोघांनी मिळून जबानी रचलीय आणि वेस्ली अंकल कागदावरून वाचताना चुकले. आपल्या बापाने मित्राला साक्षीदार म्हणून उभं केलंय. म्हणजे प्रकरण साधं नाही. तिचा राग इतका चढला की विचार करायला ती थांबलीच नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं राहून तिने वेस्लीच्या मुलाला, ग्लेनला, फोन केला.

ग्लेन कॅनबेराजवळ गुंगालिनला राहायचा, सरकारी खात्यात होता. शांत, मोजकं बोलणारा. तिने त्याला बाईपासून बोगद्यापर्यंत सगळं सांगितलं.  शेवटी तो म्हणाला, "जॅनेट, डॅडींनी मलापण सेम टू सेम सांगितलं. मी म्हटलं, वा, एवढं सगळं लक्षात राहिलं." मग म्हणाला, "मी शनिवारी जाऊन येतो."

शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला. मजकूर काहीच नाही, फक्त एक फोटो. वेस्लीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद. जॅनेटने पप्पांचं अक्षर लगेच ओळखलं. नकाशाखाली नावं घालतात तसं सुटं, सरळ, एका मापाचं. तिच्या शाळेच्या वह्यांवर हेच अक्षर असायचं.

पहिला दिवस, गुलाबी चर्च. दुसरा दिवस, बाजार, टोप्या बघितल्या. तिसरा दिवस, पोस्ट ऑफिस. प्रत्येकाखाली दोन-तीन वाक्यं. बोगद्यांचं पूर्ण लिहिलेलं होतं, 'मी वेस्लीला म्हटलं' सकट. आणि सर्वांत खाली, अधोरेखित केलेलं: 'कोणी विचारलं तर घाई करू नकोस. आधी पाणी पी. मग बोल.'

त्याखाली ग्लेनचा दुसरा मेसेज आला. गॅसची शेगडी चालू होती. कधीपासून, कोण जाणे.

जॅनेट फोन हातात धरून मागच्या अंगणात गेली. हर्बर्ट टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत बसला होता. तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं, सुतळीचा गुंडा खाली ठेवला आणि शेजारच्या उलट्या बादलीकडे बोट दाखवून तिला बसायला सांगितलं.

मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी त्याला नीट सांगता येईना. सोमवारी झालं की मंगळवारी, यावर तो अडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या बाजारात गेले होते. साडेनऊची वेळ. हर्बर्ट एका दुकानात टोपी डोक्यावर घालून बघत होता. वळला तर वेस्ली नाही. आधी वाटलं पुढे गेला असेल. मग अख्खा बाजार दोनदा, तीनदा पालथा घातला. वेस्लीचा फोन गेस्टहाउसवर चार्जिंगला. पोलिसांना इंग्रजी समजेना. शेवटी हान्हला फोन केला. तिने स्कूटर काढली आणि गल्ल्या धुंडाळायला लागली. संध्याकाळी साडेसहाला तिला तो एका कालव्याच्या काठी सापडला, बाजारापासून चार किलोमीटरवर. प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसला होता. हर्बर्ट तिथे पोचला तेव्हा त्याने वर बघून विचारलं, शिफ्ट सुटली का?

"नऊ तास," जॅनेट म्हणाली. "नऊ तास माणूस हरवला होता, आणि तुम्ही कोणाला फोन केला नाहीत."

"कोणाला करायचा? तू पहिल्या विमानाने आली असतीस. ग्लेन आला असता."

"यायलाच पाहिजे होतं."

हर्बर्टने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढचे सहा दिवस त्याने वेस्लीला बाहेर नेलं नाही. धीरच झाला नाही. पण वेस्ली रोज सकाळी बूट घालून बसायचा आणि विचारायचा, आज कुठे जायचं? हान्ह हे दारातून बघायची. तिसऱ्या दिवशी तिनेच खुणेने हर्बर्टचा फोन मागितला. ती कामाला बाहेर पडायचीच, जाता येता फोटो काढून आणायला लागली. पोस्ट, राजवाडा. बोगदे बघायला तर ती मुद्दाम गेली, भाचीला मागे बसवून. संध्याकाळी हर्बर्ट वेस्लीला ते फोटो दाखवायचा आणि सांगायचा, आज इथे गेलो होतो ना आपण, हे बघ. वेस्ली खूश व्हायचा. पहिले दोन दिवस हे एवढ्यापुरतंच होतं.

"पण त्याला मध्येच सगळं लख्ख समजायचं, जॅनेट. शुक्रवारी रात्री माझा हात धरून बसला. म्हणाला, हर्बर्ट, माझं डोकं जातंय हे मला माहितीये. ग्लेनला कळू देऊ नकोस. तो मला फ्लॅटमधून काढेल. म्हणून मी लिहून दिलं. विमानात बसेपर्यंत पाठ करून घेतलं." त्याने सुतळीचा गुंडा पुन्हा हातात घेतला. "ग्लेन हा कागद काढायला आपणहून तर गेला नसेल."

जॅनेटने फोनचा पडदा बंद केला.

"तू फोन केलास त्याला."

"हो. मला वाटलं, तुम्ही कुठल्यातरी बाईच्या..." 

हर्बर्टने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, आणि आत गेला.

तिला म्हणायचं होतं, शेगडी चालू होती, पप्पा. ते घर पेटलं असतं. खालच्या मजल्यावर लहान मुलं राहतात. हे सगळं खरं होतं आणि तिने ते रात्री जेवताना सांगितलंही. हर्बर्ट म्हणाला, "बरोबर आहे तुझं." त्यापुढे दीड महिना तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. ती ऑफिसातून यायच्या आत जेवून घ्यायचा. चर्चला जाताना गाडीत मागे एमाशेजारी बसायचा.

ग्लेनने एप्रिलमध्ये वेस्लीला डॉक्टरांकडे नेलं. आजाराला नाव मिळालं. मेअखेर हॅरिस पार्कचा फ्लॅट सोडला आणि वेस्ली गुंगालिनला मुलाच्या घरी आला. ज्याची भीती होती तेच झालं, आणि तेच व्हायला हवं होतं, असं ग्लेन फोनवर म्हणाला. जॅनेटला दोन्ही पटलं. झोप मात्र नीट लागेना.

आणि या सगळ्यात तिला नवीन खोड लागली. ती पप्पांवरही नजर ठेवायला लागली. किल्ल्या कुठे ठेवतात, एकच गोष्ट किती वेळा सांगतात, शब्दकोडं पुरं करतात की अर्धं टाकतात. एके दिवशी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आज वार कोणता हो? हर्बर्टने पेपर खाली घेतला. "गुरुवार. पंतप्रधानांचं नाव पण सांगू?" दीड महिन्यात तो तिच्याशी कामाव्यतिरिक्त बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. तिला हसू आलं, आणि लाजही वाटली.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत ती, हर्बर्ट आणि एमा गाडीने गुंगालिनला गेले. नील शिफ्टमुळे राहिला. सात तासांचा रस्ता, पोचले तेव्हा भर दुपारीही गवतावरचं दहिवर पांढरंच होतं. वेस्ली हीटरजवळच्या खुर्चीत बसला होता, अंगावर ग्लेनचं ऑफिसला घालायचं जाड जॅकेट. हर्बर्टला त्याने लगेच ओळखलं. जॅनेटला मात्र ब्रिजेट म्हणाला, ते तिच्या ममाचं नाव. तिने दुरुस्त केलं नाही.

चहा झाला. ग्लेनला ऑफिसचा फोन आला म्हणून तो दुसऱ्या खोलीत गेला. एमा वाकून म्हणाली, "अंकल, सायगॉनमध्ये काय आवडलं?" तिने हे मराठीत विचारलं. जॅनेटने चमकून तिच्याकडे बघितलं. हर्बर्ट खुर्चीत ताठ झाला. आता तो पाठ सुरू होणार, असं दोघांनाही वाटलं.

वेस्लीने हीटरसमोर तळवे धरले.

"न्हावी," तो म्हणाला.

कोणता न्हावी, हर्बर्टने विचारलं.

वेस्ली थांबत थांबत सांगू लागला. भिंतीला खिळा होता, खिळ्याला आरसा. खुर्ची रस्त्यावरच. नाही, आधी पाणी होतं, कालवा. कालव्याला वास. तिथून तो चालत आला. की उलटं? न्हाव्याला एक कान नव्हता. त्याने बसवलं, केस कापले, मान दाबून दिली, मग कापूस घालून कान साफ केले. त्याच्या बायकोने नूडल्स दिल्या, त्यात कसला तरी पाला. त्याला पाला आवडला नाही, पण तो काही बोलला नाही. मग माणसं यायची, केस कापून जायची, आणि तो बघत बसला. कोणीही त्याला काही विचारलं नाही. दिवसभर कोणीच काही विचारलं नाही, असं तो दोनदा म्हणाला.

जॅनेटच्या जिभेवर प्रश्न आले. कुठला रस्ता, किती वाजता, न्हाव्याला पैसे कोणी दिले. तिने ते गिळले आणि बापाकडे बघितलं. हर्बर्टचा चेहरा पडला होता.

"केस कापलेले होते," तो तिला म्हणाला, अगदी हळू. "संध्याकाळी सापडला तेव्हा. मानेवर पावडर होती. मला त्या गडबडीत वाटलं, सकाळीच तसा असेल." मग तो वेस्लीकडे वळला. "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," वेस्ली म्हणाला. "तू सांगत होतास."

 एमा उठली आणि वेस्लीच्या गुडघ्यांवरून घसरलेलं पांघरूण तिने वर ओढलं.

रात्री जेवणानंतर हर्बर्टने जॅनेटला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाला, ग्लेन आठ ते सहा ऑफिसात असतो. दिवसा घरी येणारी बाई फक्त दोन तास थांबते. मी राहतो इथे, सप्टेंबरपर्यंत. ग्लेनशी बोललोय. तुझी परवानगी नकोय, पण तुला विचारल्याशिवाय ठरवायचं नव्हतं.

जॅनेट बशा पुसत होती. तिच्या डोळ्यांपुढे लगेच सगळं उभं राहिलं. दोन म्हातारे, एकाला रस्ता आठवत नाही, दुसऱ्याला गुडघा वाकवता येत नाही. बाहेर बर्फासारखी थंडी आणि घरापासून पाच मिनिटांवर शहरात नेणारी ट्राम. "पप्पा, काही झालं तर मला फोन कराल? खरं सांगा."

"करेन," हर्बर्ट म्हणाला.

बोलण्याआधी तो पाणी प्याला नव्हता. तरी तिला पुरता विश्वास बसला नाही, आणि त्याला तो बसला नसल्याचं कळलं. दोघांनी बशा पुसून कपाटात ठेवल्या.

सोमवारी सकाळी ती आणि एमा परत निघाल्या. दोघे म्हातारे खिडकीत उभे राहून हात हलवत होते. गाडी हायवेला लागल्यावर एमाने विचारलं, "मम, डू यू थिंक दे विल स्टे होम?"

"नाही," जॅनेट म्हणाली, आणि हीटर वाढवला.